म्हातारीचं कन्फेशन

कुरखेड्याच्या पुढे जंगलात एका लहानशा गावात मिशनचा दवाखाना आहे. मी तिथे नर्स आहे. गाव बहुतेक गोंडांचं, थोडं कुणब्यांचं, आणि ख्रिस्ती म्हणावीत अशी घरं फार थोडी. चर्च म्हणजे टिनाच्या छताची एक लांब खोली, समोर सिमेंटचा क्रूस आणि सागाच्या खांबाला टांगलेली घंटा. फादर तालुक्याहून मोटारसायकलनं येतात, रस्ता धड असला तर महिन्यातून दोनदा.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आणि मोहफुलांचा हंगाम आमच्याकडे एकाच वेळी येतो. बाया पहाटे उठून जंगलात जातात, मोहाखाली पडलेली फुलं वेचतात, उन्हं चढली की टोपल्या घेऊन परततात आणि दुपारी आंघोळ करून कन्फेशनला येतात. अंगाला मोहाचा वास तसाच असतो. चर्चच्या मागे चारोळीचं झाड आहे. त्याच्या सावलीत फादर प्लास्टिकच्या खुर्चीवर जंगलाकडे तोंड करून बसतात, आणि एकेक माणूस बाजूला पोत्यावर गुडघे टेकून बोलतं. बाकीचे लांब कुंपणापाशी थांबतात. शब्द ऐकू येत नाही, पण कोण किती वेळ बसलं ते सगळ्यांना दिसतं, आणि गाव त्यावरून आपले अंदाज बांधतं.

माझे वडील इथेच धर्मशिक्षक होते. कन्फेशनचे नियम त्यांनी आम्हाला पाढ्यासारखे पाठ करून घेतले. वर्षातून निदान एकदा जायचंच. मोठं पाप मनावर असेल तर ते सांगितल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही. जाणूनबुजून एखादं लपवलं तर बाकीचं सांगितलेलंही फुकट. फादर जे प्रायश्चित्त देतील ते करायचं. आणि फादरनं ऐकलेलं फादरसोबतच मातीत जातं. हा शेवटचा नियम वडील घाईत सांगायचे, कारण तो फादरसाठी होता, आमच्यासाठी नव्हता. मीही तसंच समजत होते.

ही म्हातारी दवाखान्याच्या मागच्या घरात राहायची. तिचा नवरा मिशनचा चौकीदार होता. तो वारल्यावरही मिशननं घर तिच्याकडेच राहू दिलं. ती एटापल्लीकडची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. बाजारात मोह आणि डिंक विकता विकता ती शिकली. नवऱ्यासोबत तिचा बाप्तिस्मा झाला, आणि तेव्हापासून कन्फेशन तिनं कधी चुकवलं नाही. कुंपणापाशी ती सगळ्यांना बाजूला सारून पुढे व्हायची. म्हणायची, "मले आधी जाऊ द्या बाप्पा. माहे पाप लय हायेत, भुलून जाईन." लोक हसायचे. तिची पापं काय असणार ते गावाला माहीत होतं: सुनेवर ओरडणं, उपवासाच्या शुक्रवारी वाळलेली मासोळी खाणं.

तिला एकच मुलगा. चांगला उंच, कमी बोलणारा. सून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीकडची, मिशनच्या वसतिगृहात वाढलेली, आईबाप नसलेली मुलगी. तिला गोंडी येत नव्हती, सासूचं मराठी मोडकं, तरी दोघींचं बरं चाललं होतं. मूलबाळ झालं नव्हतं, त्यावरून म्हातारी कधीमधी बोलायची, पण ते सगळ्याच घरांत असतं.

धान कापून झाला की आमच्याकडची माणसं टोळ्या करून तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्या वर्षी सून वसतिगृहातल्या एका मैत्रिणीच्या लग्नाला सावलीला गेली होती. घरी मायलेक दोघंच. टोळी निघायच्या आदल्या दिवशी त्या घरातून भांडणाचा आवाज आला. तो मीही दवाखान्यातून ऐकला. पण दारं लावलेली होती, शब्द लागत नव्हते, आणि माझ्यासमोर एक तापानं फणफणलेलं लेकरू होतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. सून परतली तेव्हा नवरा घरी नव्हता.

"मिरचीले गेला," सासूनं सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला टोळी परत आली. तो तिच्यात नव्हता. टोळीवाल्या भाऊनं अंगणात उभं राहून सांगितलं, "तो आमच्यासंग आलाच नाई न बाई. आमी गाडीपाशी वाट पायली, मंग निघून गेलो."

सून कुरखेड्याच्या ठाण्यात गेली. मी सोबत होते. त्यांनी तक्रार लिहून घेतली, फोटो घेतला, येऊन नाला, विहिरी, जंगलाची कड पाहून गेले. तेलंगणातही विचारपूस झाली. काही हाती लागलं नाही. म्हातारीला त्यांनी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं, आणि तिनं प्रत्येक वेळी एकच उत्तर दिलं: "गेला." कुठे, कोणासोबत, कशानं, काही नाही.

त्या वर्षीच्या उपवासकाळात म्हातारी कन्फेशनला आली नाही. मिस्साला आली, आपल्या जागी बसली, आणि ख्रिस्तप्रसादासाठी सगळे उठले तेव्हा ती उठली नाही. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. असं न उठणारं माणूस आमच्या एवढ्याशा चर्चमध्ये लपत नाही. गाव बोलू लागलं. कोणी म्हणायचं, पोरगा दुसरी बाई घेऊन छत्तीसगढात पळाला आणि म्हातारीनंच त्याला वाटेला लावलं. कोणी म्हणायचं, त्यानं गळफास घेतला आणि आत्महत्येचा बोभाटा होऊ नये म्हणून आईनंच त्याला जंगलात कुठे पुरला. आणि काही लोक, आवाज खाली करून, तिसरंच म्हणायचे.

हे सगळं सुनेच्या कानावर यायचं. आणि ती त्याच घरात राहत होती. म्हातारीसाठी भात शिजवत होती, तिची लुगडी धूत होती, तिच्या शेजारच्या खाटेवर झोपत होती. मी एकदा तिला म्हटलं, "तू सावलीला का जात नाहीस?"

ती म्हणाली, "जाऊ तं जाऊ कशी बाई? त्याले शेवटचं पायनारी तेच एक. ते मेली तं मंग विचारू कोनाले?"

मग म्हातारीला लकवा झाला. तेही उपवासकाळातच. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, तिथून काही दिवसांनी घरी पाठवलं. उजवं अंग गेलं होतं, आणि तिचं मराठी गेलं होतं. इतक्या वर्षांत बाजारात कमावलेलं सगळं मराठी पुसलं गेलं, आणि लहानपणची गोंडी तेवढी उरली, तीही जड जिभेची, अर्ध्या तोंडानं बोललेली. माझी आई गोंड. मी तिच्याच बोलीत वाढले. रोज म्हातारीला पुसायला, कूस बदलायला मीच जात असल्यामुळे तिचं बोलणं मला लागू लागलं. गावातल्या दुसऱ्या कोणाला ते धड कळत नव्हतं.

एका सकाळी मी तिच्या पाठीला पावडर लावत होते, तेव्हा तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सांगितलं की फादरला बोलाव.

फादर नवीन होते. केरळचे, वयानं तिशीच्या आसपास, पुस्तकातून शिकलेलं मराठी बोलणारे. आमची बोली त्यांना निम्मीच कळायची, गोंडी अजिबात नाही. दुपारी उन्हात आले, हेल्मेट दारात ठेवलं आणि म्हातारीजवळ स्टुलावर बसले. दोन-चार वाक्यं ऐकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, मला काहीच समजत नाही."

मी म्हटलं, "मी सांगते ना."

"थांबा. हे ताप किती आहे ते सांगण्यासारखं नाही." ते जरा विचार करून बोलले. "आधी त्यांना सांगा, बोलण्याची गरज नाही. ज्याला बोलता येत नाही त्यानं मनापासून पश्चात्ताप करून छातीवर हात ठेवला तरी पुरतं. मी क्षमा देऊ शकतो. दुसऱ्या माणसाच्या तोंडून पाप सांगायची सक्ती चर्च कोणावर करत नाही."

मी म्हातारीच्या कानाशी वाकून हे सगळं गोंडीत सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हिल्ले." म्हणजे नाही. मी परत सांगितलं. परत "हिल्ले". तिला शब्दांनी सांगायचं होतं.

फादर मला घेऊन ओसरीवर आले. सून चुलीपाशी उभी होती. आमचं बोलणं तिला ऐकू येत होतं, आणि फादरांनी ते तिला ऐकू दिलं, बहुधा मुद्दामच.

"सिस्टर, तुम्ही जे ऐकाल त्याचं बंधन माझ्यासारखंच तुमच्यावरही राहील. घरात नाही, पोलिसांना नाही, कोर्टात नाही. मलाही पुन्हा नाही. होय किंवा नाही, एवढंसुद्धा नाही. तुम्ही मरेपर्यंत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी खुणेवर क्षमा देईन. तुमच्यावर काही जबरदस्ती नाही."

मी फार विचार केला नाही. आत एक मरणारं माणूस काहीतरी मागत होतं आणि ते देणं माझ्या हातात होतं. दवाखान्यात आम्ही असंच काम करतो. मी हो म्हटलं.

सून पुढे आली. "फादर, मी बसू का? मले गोंडी येत नाई. निस्ती बसतो."

"नाही," फादर म्हणाले. "तुम्ही बाहेर."

ती अंगणात गेली. तिथे चटईवर मोहफुलं वाळत घातली होती. ती त्यांच्यासमोर बसली आणि कचरा निवडू लागली. फादरांनी गळ्यात कन्फेशनचा जांभळा पट्टा घातला आणि दार ओढून घेतलं.

त्या खोलीत काय झालं ते मी लिहिणार नाही. म्हातारी काय बोलली, किती बोलली, रडली का, मुलाचं नाव निघालं का किंवा निघालंच नाही, यातलं काहीही नाही. वाचणाऱ्यानं माझ्या एखाद्या वाक्यावरून अंदाज बांधला तर तो त्याचा अंदाज. मी तो खराही म्हणणार नाही आणि खोटाही म्हणणार नाही. एक गोष्ट माझी स्वतःची आहे, ती सांगते. दुभाष्याला वाटतं की शब्द आपल्यातून नळातल्या पाण्यासारखे निघून जातील. तसं होत नाही. एक भाषा ऐकून दुसरीत बोलायचं तर मध्ये ते समजून घ्यावं लागतं. आणि मी सगळं "मी" म्हणूनच सांगत होते. "मी असं केलं," "मी असं बोलले," माझ्याच आवाजात.

दार उघडलं. फादरांनी आजाऱ्याला लावायचं अभ्यंगाचं तेल काढलं आणि सुनेला प्रार्थनेला आत बोलावलं. तिनं सासूच्या पायाशी गुडघे टेकले, पण पूर्ण प्रार्थनाभर ती सासूकडे पाहत नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

म्हातारी ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारापूर्वी गेली. नाल्यापलीकडच्या दफनभूमीत नवऱ्याच्या शेजारी तिला पुरलं. जमीन कडक होती, खड्डा खणणाऱ्यांना फार वेळ लागला. सून कोरड्या डोळ्यांनी उभी होती. माती लोटून झाल्यावर लोक घराकडे वळले, तशी ती माझ्याजवळ आली, आणि माझ्या बाजूनं चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात आली. पेशंट कोणी नव्हतं. तिनं दार आतून लोटलं.

"बाई, सांगा."

"मला सांगता येत नाही. तू ओसरीवर ऐकलंस ना फादर काय म्हणाले ते."

"ऐकलं. तिनं काय सांगतलं ते मी नाई विचारून राह्यली. तिचे पाप तिच्यापाशी. मले एकच पायजे. जित्ता हाये का मेला?"

"नाही सांगता येत."

"म्हंजे तुमाले माहीत हाये."

"तसंही नाही म्हणत मी."

"मंग माहीत नाई म्हना!"

"माहीत नाही" म्हटलं तरी ते म्हातारीनं काय सांगितलं नाही हे सांगणंच झालं असतं. हे तिला समजावून सांगायला गेले असते तरी त्यातून काहीतरी अर्थ निघालाच असता. मी टेबलावरची सिरिंजची खोकी इकडची तिकडे केली.

ती जवळ आली. तिनं माझे दोन्ही हात धरले. "बाई, मी कपाळाले टिकली लावू का नको लावू, एवढंच तं विचारतो. तोंडानं नका बोलू. मान हालवा. मी कोनाले सांगनार नाई. फादरले बी समजनार नाई."

मी मान ताठ धरून उभी राहिले. माझी मान मला इतकी जड कधी लागली नव्हती. भीती वाटत होती की डोळ्याची पापणी लवली तरी ती त्यातून काही काढेल. शेवटी तिनं हात सोडले.

"तुमी बाईमानूस हायेत म्हनून आली," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती रोज दिसायची, पण बोलायची नाही. विहिरीवर मी आले की घागर अर्धी असली तरी उचलून चालायला लागायची. गावातल्या बायकाही माझ्याशी बोलताना अडखळू लागल्या. त्यांच्या मते मला सगळं माहीत होतं आणि मी एका पोरीला वाऱ्यावर सोडलं होतं. कोणी औषधाला आलं तर औषध घेऊन जायचं. पूर्वी ओसरीवर बसून जे तासभर बोलणं व्हायचं ते संपलं.

पावसाळ्यानंतर मिशनच्या शाळेची नवी खोली बांधायला एक गवंडी आला. सावलीकडचा, ख्रिस्ती, बायको बाळंतपणात गेलेला. साधा माणूस. त्याचं आणि तिचं जुळलं ते गावानं पाहिलं, आणि नवल म्हणजे कोणी फार नावं ठेवली नाहीत. तिचं वय तरी काय होतं? त्या दोघांना रीतसर लग्न करायचं होतं, चर्चमध्ये. एका रविवारी मिस्सा झाल्यावर ते फादरांकडे गेले. फादर दवाखान्याच्या ओसरीवर चहा पीत होते. मी कप आणून ठेवत होते, निघून जायला वाट नव्हती.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचे पती मयत झाले असा पुरावा पाहिजे. तो नसेल तर मला लग्न लावता येणार नाही. माणूस नुसता हरवला म्हणून लग्न संपत नाही."

गवंड्यानं विचारलं, "पुरावा म्हंजे कसा फादर? बॉडी तं नाई भेटली."

"बिशपांकडे अर्ज करता येतो. ते चौकशी करतात. त्यांना शेवटचं कोणी पाहिलं, काय ऐकलं, कोणी काही सांगू शकतं का."

"शेवटचं तं मायनं पायलं," सून म्हणाली. तिनं आधी फादरांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "माय मेली. आता सांगू शकनारे दोघंच हायेत. दोघंबी इथीच हायेत."

फादरांनी कप खाली ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही एकमेकांशी त्याबद्दल एक अक्षरही बोललेलो नाही. बोलायची परवानगीच नाही. त्यांनी अर्ज लिहून दिला, पाठवला. त्यांनी जे काही केलं ते एखाद्या अनोळखी फादरांनीही केलं असतं, तितकंच केलं. त्याहून कमी नाही आणि जास्त नाही. त्यावरूनही काही समजत नाही, हे मी पुन्हा सांगते.

चौकशीला वेळ लागतो. चंद्रपूरहून एक फादर येऊन टोळीवाल्या भाऊशी, शेजाऱ्यांशी बोलून गेले. माझ्याकडेही आले. मी भांडणाचा आवाज ऐकला होता तेवढं सांगितलं, कारण ते मी माझ्या कानांनी दवाखान्यातून ऐकलं होतं. "अजून काही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अजून मला काही बोलता येत नाही." त्यांनी मान डोलावली आणि पुढे विचारलं नाही. उत्तर बरेच महिने आलं नाही. आलं तेव्हा एवढंच होतं की मृत्यूची खात्री पटण्याइतकं काही मिळालं नाही.

ईस्टरच्या आधी मी चंद्रपूरला गेले. स्वतःच्या कन्फेशनसाठी. आमच्या फादरांसमोर मला जाववत नव्हतं. मोठं चर्च, लाकडी पेटी, जाळीपलीकडे न दिसणारा म्हातारा आवाज. बाहेर रस्त्यावर ऑटोचे हॉर्न. मी माझी पापं सांगितली: प्रार्थना चुकवल्या, पेशंटवर चिडले, एका बाईच्या दारावरून नजर चुकवून गेले. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "फादर, मी एकदा दुभाषी होते. एका मरणाऱ्या बाईच्या…"

"थांब, बाळ." आवाज एकदम कडक झाला. "ते तुझं पाप आहे का?"

"नाही."

"मग ते इथे सांगायचं नाही."

"ते जड झालंय फादर. त्याच्यामुळे एक जिवंत बाई…"

"जड असणारच." मग आवाज मऊ करून म्हणाले, "मी चाळीस वर्षं इथे बसतोय. तुला एकच आहे. त्याचं काय करायचं ते मला विचारलंस तर मलाही माहीत नाही. त्या दोन्ही बायांसाठी प्रार्थना कर."

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एक रोझरी सांगितली. मी ती चर्चच्या मागच्या बाकावर बसून पूर्ण केली. आणि मग बसस्टँडवर जाऊन कुरखेड्याची बस धरली.

त्याच उन्हाळ्यात सून त्या गवंड्यासोबत सावलीला निघून गेली. लग्नाशिवाय. जाताना तिनं म्हातारीच्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली दवाखान्याच्या खिडकीत ठेवली. हातात दिली नाही. आमचे फादर वर्षभरात वाळले होते. त्यांनीही बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी ते मला म्हणाले, "सिस्टर, मी तुमची माफी मागतो." कशाची, हे ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

दोनेक वर्षांनी मी लसीकरणाच्या प्रशिक्षणाला सावलीला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत बाजारात ती समोर आली. पोट पुढे आलेलं, हातात भाजीची पिशवी. मला वाटलं तोंड फिरवेल. ती थांबली.

"बऱ्या हायेत बाई?"

"बरी आहे. तू?"

"हावो. सातवा सुरू हाये." मग तिनं पिशवी खाली ठेवली. "मी आता नाई विचारत. भेऊ नका."

मी म्हटलं, "इथे चर्चला जातेस?"

"जातो. मांगं बसतो. इथले फादर म्हनले, कन्फेशनले ये. मी म्हनलं, येऊन सांगू काय? नवरा मेला असन तं मी काई पाप नाई करून राह्यली, निस्तं लगनाचं बाकी हाये. जित्ता असन तं रोजच करून राह्यली. मलेच माहीत नाई न फादर, मी पाप करतो का नाई करत. तुमाले काय सांगू?" ती हे हसत म्हणाली, पण हसणं धड झालं नाही. "तुमी त्या दिवशी खोटं तरी बोलाचं होतं बाई. मेला म्हनून टाकाचं. मी रडली असती, मोकळी झाली असती."

तिनं पिशवी उचलली, थोडी पुढे गेली, परत आली.

"लेकराले बाप्तिस्मा तं भेटते न? का त्याचंबी अडते?"

"भेटतो. लेकराचं काही अडत नाही."

"मंग धरममाय तुमी व्हा," ती म्हणाली. "इथी माह्यं हाये कोन?"

बाप्तिस्मा हिवाळ्यात झाला. मुलगी. मी तिला हातात धरून उभी होते, फादर विचारत होते आणि तिच्या वतीनं उत्तरं मी देत होते. पाणी डोक्यावर पडलं तशी ती किंचाळली. तिची आई शेवटच्या बाकावर बसून तिथूनच पाहत होती. नंतर गवंड्याच्या घरी कोंबडीचं जेवण होतं. अंगणात पत्रावळीवर आम्ही दोघी शेजारी बसलो, तिनं मला आग्रहानं दोनदा भात वाढला. आम्ही धानाबद्दल बोललो, लेकराच्या सर्दीबद्दल बोललो, वसतिगृहातल्या जुन्या मुलींबद्दल बोललो. जेवण होऊन हात धुताना तिनं माझ्या हातावर पाणी घातलं आणि एकदा, अगदी थोडा वेळ, सासूच्या पायाशी बसून पाहिलं होतं तसंच माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी पदरानं हात पुसले आणि मुलीला घ्यायला आत गेले.